वाचक विचारतात : इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थ आणि त्यांचे वजन

इंदूरच्या मराठी माणसाचा दिवस तीन भाषांत वाटला गेलेला असतो. घरी मराठी, पोह्याच्या गाडीवर आणि रिक्षात हिंदी, आणि कचेरीत, निदान पत्रव्यवहारापुरती तरी, इंग्रजी. अशा वेळी एका भाषेतील वाक्प्रचार नकळत दुसरीत शिरतो आणि तेथे भलताच अर्थ घेऊन बसतो. या महिन्यात सदराकडे आलेली बहुतेक पत्रे अशाच घोटाळ्यांविषयी आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे गाळली असून वस्तीचा उल्लेख तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : लंडनमधील माझ्या सहकाऱ्याचे वडील वारले. सांत्वनाचे चार ओळींचे ई-मेल लिहिताना इंग्रजी जरा चांगली दिसावी म्हणून मी एका पुस्तकातील यादीतून ‘किक द बकेट’ हा वाक्प्रचार उचलला. यादीत त्याच्यापुढे ‘मरण पावणे’ एवढाच अर्थ छापलेला होता. सहकाऱ्याचे उत्तर आले नाही. उलट चार दिवसांनी वरिष्ठांनी बोलावून माझी कानउघाडणी केली. अर्थ बरोबर असताना माझे चुकले काय? (विजयनगर)

उत्तर : अर्थ बरोबरच होता, वजन चुकले. याच प्रसंगी मराठीत पत्र लिहायचे असते, तर ‘आपले वडील गचकल्याचे समजले, फार वाईट वाटले’ असे आपल्या हातून चुकूनही लिहिले गेले नसते. ‘गचकणे’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहिला तर तोही ‘मरण पावणे’ असाच मिळेल. मराठीत मरणासाठी शब्दांची एक उतरंडच आहे. वर्तमानपत्रात ‘निधन’ होते, घरातील वडीलधाऱ्यांना ‘देवाज्ञा’ होते, शेजारचे आजोबा ‘वारतात’ किंवा नुसतेच ‘जातात’, ज्याच्याविषयी फारशी आस्था नाही असा सावकार ‘खपतो’, आणि वीस वर्षे चाललेली स्कूटर एके दिवशी भर चौकात ‘राम म्हणते’. कोणता शब्द कोणाच्या वाट्याला द्यायचा हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. घरात कोणी गेले की मोठी माणसे काय बोलतात ते ऐकून ते आपल्याला कळते. इंग्रजीच्या बाबतीत ते ऐकणे आपल्या वाट्याला आलेले नाही, आणि त्याची उणीव याद्या भरून काढू शकत नाहीत.

‘किक द बकेट’ची वस्ती पहिल्यापासून चेष्टेखोर बोलीत आहे. फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ साली असभ्य मानल्या जाणाऱ्या बोलीचा जो कोश लंडनमध्ये छापला, त्यात तो नोंदलेला आढळतो. त्याच्या उगमाविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. गळफास घेणाऱ्याने पायांखालची बादली लाथाडली, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. मला मात्र दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते. इंग्लंडच्या काही भागांत कापलेले डुकर ज्या आडव्या लाकडाला पाय बांधून टांगत असत, त्या लाकडालाही ‘बकेट’ म्हणत, आणि जीव जाता जाता जनावराचे पाय त्यावर आपटत. यांपैकी कोणतेही स्पष्टीकरण खरे धरले, तरी ते चित्र कोणाच्या वडिलांविषयी डोळ्यांसमोर आणावे असे नाही. (जाता जाता : ‘बकेट लिस्ट’ हा शब्द याच बादलीतून निघाला आहे. त्या नावाचा इंग्रजी चित्रपट २००७ साली आल्यानंतर तो जगभर पसरला, आणि आता आपल्याकडेही सहलींच्या जाहिरातींत सर्रास दिसतो. ‘मरण्यापूर्वी करावयाच्या गोष्टींची यादी’ असे मराठीत छापले, तर किती लोक तिकिटे काढतील कोण जाणे.)

मग लिहायचे काय? ‘पास्ड अवे’ हा इंग्रजीतील सौम्य आणि कोठेही चालणारा प्रयोग आहे. परंतु पुष्कळदा इंग्रजी माणूस तोही टाळतो आणि ‘आय वॉज व्हेरी सॉरी टू हिअर अबाउट युवर फादर’ एवढेच लिहितो. त्या वाक्यात मरणाचा शब्दच नाही. आपणही नेमके हेच करतो : दारात पाऊल टाकताना ‘बाबांचं कळलं’ एवढेच म्हणतो आणि पुढचे वाक्य पुरे न करता बसतो. या एका बाबतीत दोन्ही भाषांची रीत एकच असताना यादी उघडण्याची गरजच नव्हती. आता सहकाऱ्याला दोन साध्या ओळींत, सारवासारव न करता, शब्दाचे वजन ठाऊक नव्हते असे लिहून क्षमा मागावी.

प्रश्न : मी महू येथील निवृत्त लिपिक आहे. बंगळुरूला परदेशी कंपनीत असलेला नातू माझ्या इंग्रजीला हसतो. ‘आउट ऑफ स्टेशन’, ‘डू द नीडफुल’ आणि ‘पास आउट’ हे तिन्ही प्रयोग चुकीचे आहेत असे त्याचे म्हणणे आहे. चाळीस वर्षे मी चुकीचेच लिहीत होतो काय? (महू)

उत्तर : मुळीच नाही. ‘आउट ऑफ स्टेशन’मधील स्टेशनाचा रेल्वेशी काहीही संबंध नाही. कंपनी सरकारच्या काळात गोऱ्या अधिकाऱ्याची जेथे नेमणूक असे, त्या ठिकाणाला ‘स्टेशन’ म्हणत. ‘हिल स्टेशन’ या शब्दात तोच अर्थ अजून शिल्लक आहे. जानेवारी १८१८ मध्ये होळकर आणि इंग्रज यांच्यात मंदसोरचा तह झाला, त्याच वर्षी आपल्या महूला छावणी पडली आणि इंदूरला इंग्रजांचा रेसिडेंट आला. म्हणजे आपण ज्या गावात बसून हा प्रश्न लिहिला, ते गाव स्वतःच असे एक ‘स्टेशन’ होते. सरकारी नोकराला आजही ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी’ घ्यावी लागते, ती त्याच जुन्या शिस्तीची मराठी आवृत्ती आहे. ‘डू द नीडफुल’ही इंग्रजांनीच आणले, त्यांच्या घरी ते जुने होऊन अडगळीत गेले आणि आपल्या फायलींत राहिले. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ या वाक्याचे ते सख्खे भावंड आहे आणि त्याच्याइतकेच निरुपद्रवी आहे.

‘पास आउट’बाबत मात्र नातवाचे ऐकावे. लष्करी प्रबोधिनीतील ‘पासिंग आउट परेड’ इंग्लंडातही चालते, परंतु नेहमीच्या बोलण्यात तेथे ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणे. ‘मी १९७८ साली होळकर कॉलेजातून पास आउट झालो’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला प्रथम आपल्या प्रकृतीची काळजी वाटेल. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही, कारण हाच खेळ मराठी आणि हिंदीतही रोज चालतो. आपल्या चौकाचौकांत ‘यातायात पुलिस’ उभे असतात; पुण्याहून प्रथमच आलेल्या पाहुण्याला वाटते की आपली यातायात करण्यासाठीच यांची नेमणूक झालेली आहे.

प्रश्न : माझा मुलगा नव्यानेच नोकरीला लागला आहे. घरी येऊन तो हसत हसत सांगतो की कचेरीतील लोक त्याचे पाय ओढतात. मला त्याची काळजी वाटते. तो म्हणतो, त्यात काळजीचे काही नाही. हे कसे? (रामबाग)

उत्तर : ताई, आपली काळजी आणि मुलाचे हसणे दोन्ही आपापल्या भाषेत बरोबर आहेत. इंग्रजीत ‘पुलिंग समवन्स लेग’ म्हणजे एखाद्याला खोटेच काहीतरी खरे म्हणून सांगून त्याची गंमत करणे. त्यात वैर नसते. पाय ज्याचा ओढला जातो, तोही शेवटी हसतो. मराठीत ‘पाय ओढणे’ म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे, आणि ते करणारा माणूस आपला हितशत्रू असतो. उघड्या टोपलीतील खेकड्यांची गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते, ती याच अर्थाची. तिसरी आपली हिंदी. ‘टांग खींचना’ या प्रयोगात दोन्ही अर्थ सुखाने नांदतात : मित्र मित्राची टांग ओढतो तेव्हा ती थट्टा असते, आणि पुढारी पुढाऱ्याची ओढतो तेव्हा ते राजकारण असते.

आपल्या मुलाच्या बाबतीत बहुधा असे झाले असावे की, इंग्रजी प्रयोग त्याने कचेरीत हिंदीतून ऐकला आणि घरी येताना त्याचे शब्दशः मराठी केले. मूळ इंग्रजीतला खेळकरपणा हिंदीपर्यंत टिकला आणि मराठीच्या उंबरठ्यावर गळून पडला. त्याने ‘फिरकी घेतात’ असे म्हटले असते, तर आपली झोप उडाली नसती. ‘फिरकी घेणे’ हा या जागी अगदी तंतोतंत बसणारा मराठी प्रयोग आहे. त्यात लबाडी आहे, पण विष नाही. ‘चेष्टा करणे’ही चालेल, परंतु तो शब्द घरातच ठेवलेला बरा. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, त्यामुळे ‘लोक माझी चेष्टा करतात’ हे सांगायला गेल्यास शेजारच्या हिंदीभाषक काकूंना त्यातून काहीच उमजणार नाही.

एक मात्र सांगतो. इंग्रजी अर्थाने पाय ओढला जातो तेव्हा ओढणारा थोड्याच वेळात आपणहून ‘गंमत केली’ असे सांगतो. तसे कोणी सांगत नसेल आणि मुलाची कामे अडून राहत असतील, तर तो मराठीच अर्थ समजावा.

प्रश्न : आठवीच्या एका विद्यार्थिनीने ‘शी इज द अ‍ॅपल ऑफ हर ग्रँडमदर्स आय’ याचे भाषांतर ‘ती आजीच्या डोळ्यातील सफरचंद आहे’ असे केले. मी गुण कापले. पालकांनी हरकत घेतली की ‘पांढरा हत्ती’, ‘नक्राश्रू’, ‘हिमनगाचे टोक’ ही शब्दशः भाषांतरे मराठीला चालतात, मग सफरचंदानेच काय घोडे मारले? मला उत्तर देता आले नाही. (शिक्षिका, लोकमान्यनगर)

उत्तर : पालकांचा प्रश्न फार चांगला आहे. कोणाला वाटेल की हत्ती आणि मगर हे आपलेच प्राणी असल्यामुळे ते सहज सामावले गेले. पण मग हिमनगाचे काय? माळव्यात किंवा महाराष्ट्रात कोणी हिमनग पाहिलेला नाही, तरीही ‘हिमनगाचे टोक’ म्हणताच अर्थ कळतो. याचे कारण असे की, पाण्यावर थोडे आणि पाण्याखाली पुष्कळ हे चित्र स्वतःच बोलते. खायला घालून घालून मालक कंगाल होतो आणि ज्याच्याकडून काम तर काहीच घेता येत नाही, असा हत्तीही बोलतो. सफरचंदाचे चित्र मात्र इंग्रजीतच मुके झालेले आहे. आजच्या इंग्रज मुलालाही डोळ्यात सफरचंद कोठून आले हे सांगता येणार नाही.

ते आले असे. डोळ्याच्या मध्यभागी असलेला काळा ठिपका हा एक घट्ट गोल गोळा आहे अशी जुनी समजूत होती, म्हणून नवव्या शतकातील, आल्फ्रेड राजाच्या वेळच्या इंग्रजीत त्याला डोळ्याचे ‘सफरचंद’ म्हणत. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात ‘डोळ्याच्या सफरचंदाप्रमाणे माझे रक्षण कर’ अशी प्रार्थना आहे आणि तेथून हा प्रयोग घरोघर पोहोचला. गंमत अशी की, बायबलाच्या त्या भागाच्या मूळ हिब्रूत सफरचंद नाहीच. तेथे जो शब्द आहे, त्याचा अर्थ ‘डोळ्यातील छोटा माणूस’ असा केला जातो. लॅटिनमध्ये त्याच ठिपक्याला ‘पुपिल्ला’ म्हणजे छोटी मुलगी किंवा बाहुली म्हणत, आणि इंग्रजीतील ‘प्युपिल’ तेथूनच आला. संस्कृतात ‘कनीनिका’, तिचाही एक अर्थ मुलगी. हिंदीत पुतली. आणि मराठीत आपण काय म्हणतो? बाहुली!

एकमेकांपासून इतक्या दूरच्या भाषांना एकच गोष्ट सुचली, कारण पाहणाऱ्याला दिसले तेच. नातीला मांडीवर घेऊन, एका हाताने तिची हनुवटी धरून आजी तिच्या डोळ्यांत काजळ घालते, तेव्हा त्या काळ्या ठिपक्यात तिला नऊवारीतली एक इवलीशी बाई दिसते. ती बाई म्हणजे स्वतः आजीच.

तेव्हा आपण गुण कापले ते योग्यच केले. ‘ती आजीच्या गळ्यातील ताईत आहे’ हे भाषांतर अचूक ठरेल. क्रियेवर भर द्यायचा असल्यास ‘आजी तिला तळहातावरच्या फोडासारखी जपते’ असेही म्हणता येईल, आणि हा फोड इंग्रजीत शब्दशः नेऊन पाहावा : इंग्रज शिक्षकही गुण कापील.

प्रश्न : आमच्या हौशी मंडळाच्या नाटकातील एक कल्पना दुसऱ्या मंडळाने आमच्या आधी वापरली. मित्र म्हणाला, ‘दे स्टोल युवर थंडर.’ गडगडाट कसा चोरता येतो? (नारायणबाग)

उत्तर : या प्रयोगामागे खरोखरच रंगभूमीवरील गडगडाट आहे. जॉन डेनिस नावाच्या नाटककाराने १७०९ साली लंडनच्या ड्रुरी लेन रंगगृहात आपले नाटक लावले आणि त्यासाठी मेघगर्जनेचा आवाज काढण्याची नवी युक्ती शोधली. नाटक पडले, युक्ती मात्र रंगगृहाने ठेवून घेतली. पुढे ‘मॅकबेथ’च्या प्रयोगात तोच आवाज ऐकून प्रेक्षकांत बसलेला डेनिस ‘माझा गडगडाट चोरला’ असे ओरडला, अशी आख्यायिका आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात विंगेत उभे राहून पत्रा हलवण्याचे काम ज्यांनी केले असेल, त्यांना त्याचे दुःख कळेल. मी ते दोन वर्षे केले आहे आणि टाळ्या दोन्ही वर्षी रामाला मिळाल्या. मराठीत ‘आयत्या बिळावर नागोबा’ जवळ येतो, परंतु नागोबा बिळात राहायला येतो, श्रेय घ्यायला नव्हे. साधे ‘श्रेय लाटले’ पुरेसे आहे.

प्रश्न : ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ कधी वापरावे? (राजेंद्रनगर)

उत्तर : परीक्षेत विचारले तर. एरवी हा प्रयोग आपल्या पाठ्यपुस्तकांत जितका बरसतो, तितका इंग्रजांच्या बोलण्यात बरसत नाही.

प्रश्न : ‘वन्स इन अ ब्लू मून’ला मराठी प्रतिशब्द कोणता? आणि चंद्र खरेच निळा होतो काय? (सुदामानगर)

उत्तर : क्वचित होतो. १८८३ साली क्राकाताऊ ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा वातावरणात उडालेल्या राखेच्या कणांमुळे अनेक ठिकाणी चंद्र निळसर दिसला होता. वाक्प्रचार मात्र त्याहून जुना आहे. १५२८ सालच्या एका इंग्रजी पुस्तिकेत, धर्मगुरूंनी चंद्र निळा म्हटला तरी आपण खरे मानायचे, अशा अर्थाचा टोमणा आहे. म्हणजे निळा चंद्र तेव्हा अशक्य गोष्टीचे उदाहरण होता. ‘कधीच नाही’पासून ‘फार क्वचित’पर्यंत तो नंतर घसरला.

एका इंग्रजी महिन्यातील दुसरी पौर्णिमा म्हणजे ‘ब्लू मून’, ही आज सर्वत्र सांगितली जाणारी व्याख्या तर एका चुकीतून जन्मली. अमेरिकेतील मेन प्रांताच्या शेतकरी पंचांगात, ज्या ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा येतात त्यातील तिसरीला हे नाव दिलेले असे. १९४६ साली खगोलशास्त्राच्या एका अमेरिकी मासिकातील लेखात ते चुकीचे वाचले गेले आणि चुकीचा अर्थच रूढ झाला.

आपल्या चांद्रमासात दोन पौर्णिमा येऊच शकत नाहीत, म्हणून आपल्याकडे निळा चंद्र नाही. पण हिशेब चुकत नाही. एकोणीस वर्षांचे इंग्रजी महिने २२८ आणि त्यांत पौर्णिमा २३५. या सात जादा पौर्णिमांची सोय त्यांनी निळा चंद्र म्हणून केली आणि आपण अधिक मास म्हणून. त्यांच्याकडे त्यातून काव्य निघाले, आणि आपल्याकडे ‘दुष्काळात तेरावा महिना’, कारण जादा महिना म्हणजे खाणाऱ्या तोंडांसाठी आणखी तीस दिवस.

प्रतिशब्द प्रसंग पाहून निवडावा. एखादी घटना जुळून येण्याविषयी बोलायचे असेल, तर ‘कपिलाषष्ठीचा योग’ याला तोड नाही. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतीपात इतके सारे एकत्र आल्यावर होणारा तो योग सुमारे साठ वर्षांनी येतो असे मानतात, त्यामुळे दुर्मीळपणात तो निळ्या चंद्राला कितीतरी मागे टाकतो. फारसा न भेटणाऱ्या मित्राला ‘उंबराचे फूल झालास’ म्हणावे. आणि साधी अनियमितता सांगायची असेल, तर ‘सठीसहामाशी’ आहेच.

निळ्या चंद्राची आणि अधिक मासाची गाठ प्रत्यक्ष पाहायची असेल, तर २०२६ च्या मे महिन्याचे पान उघडावे. त्या महिन्यात पौर्णिमा दोन आहेत, १ तारखेला आणि ३१ तारखेला. आणि ३१ मेची पौर्णिमा अधिक ज्येष्ठातील आहे. रंग मात्र नेहमीचाच.